नकाशातलं चौल, जमिनीवरचं रेवदंडा

पोर्तुगीज आराखड्यावर 'चौल' असं नाव दिसलं की वाचणारा सरळ आजच्या चौलात जातो. रामेश्वराच्या देवळापाशी उभा राहतो आणि नकाशातला कोट शोधायला लागतो. कोट काही सापडत नाही. मग 'जुने नकाशे बिनभरवशाचे' असा शेरा मारून काम बंद पडतं. नकाशाचं काही चुकलेलं नसतं, गाव चुकलेलं असतं. पोर्तुगिजांचं चौल म्हणजे 'खालचं चौल', कुंडलिकेच्या मुखाशी उत्तर तीरावर बसलेलं आजचं रेवदंडा. 'वरचं चौल' हे त्याच्या उत्तरेचं जुनं शहर. ते त्या काळी निजामशाहीत होतं आणि आजही ते चौल म्हणूनच ओळखलं जातं. त्याच कागदांतला 'मोरो' म्हणजे खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर. हे तीन शब्द आधी जागेवर बसवून घ्यायचे, मगच पट्टी हातात धरायची.

हे प्रकरण एकाच प्रश्नाचं आहे. रेवदंड्याच्या तटाच्या आत सतराव्या शतकात जे शहर होतं, ते आजच्या कुठल्या वाड्या (नारळी-पोफळीच्या बागा), कुंपणं आणि रस्त्यांखाली आहे? आणि त्यातलं किती कागदावर दाखवता येतं, किती फक्त मनात भरतं? अलिबागहून साळाव पुलाकडे जाणारी गाडी तट फोडून केलेल्या वाटेनं कोटात शिरते आणि तशीच बाहेर पडते. खिडकीतून नारळी-पोफळी दिसतात, मध्येच एखादी कमान किंवा भिंतीचा तुकडा दिसतो. शहर दिसत नाही. म्हणून नकाशे लागतात.

आधी तारखा, कारण नकाशाचं वय त्यांच्यावरूनच ठरतं. पोर्तुगिजांना इथं किल्ला बांधायची परवानगी निजामशहाकडून 1521 मध्ये मिळाली आणि 1524 पर्यंत तो उभा राहिला. 1570-71 मध्ये निजामशाहीचा मोठा वेढा पडला, पण किल्ला पडला नाही. कोर्लईचा डोंगर पोर्तुगिजांच्या हाती आला 1594 मध्ये. 1683 मध्ये संभाजीराजांनी हल्ला केला. 1739 मध्ये वसई गेली आणि पुढच्याच वर्षी, 1740 मध्ये, चौल मराठ्यांकडे आलं. तेव्हा ज्या चित्रात खाडीच्या दोन्ही तीरांवर पोर्तुगीज निशाण आहे ते 1594 च्या आधीचं असू शकत नाही. आणि 1740 नंतर छापलेल्या नकाशात चर्चची नावं असली, तरी ती बहुधा जुन्या नकाशावरून उतरवलेली असतात. नकाशा कधी छापला यापेक्षा पाहणी कधी झाली हे महत्त्वाचं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या शीटवर पाहणीचं वर्ष समासात दिलेलं असतं. पुढच्या आवृत्तीत एखादा रस्ता नव्यानं घातला जातो आणि बाकीची जमीन मात्र जुन्या पाहणीतलीच राहते.

सगळ्यात देखणा कागद हा सगळ्यात धोक्याचा. अंतोनियो बोकारोच्या 1635 च्या ग्रंथात पोर्तुगीज कोटांचे आराखडे आहेत. ते पेद्रू बार्रेतु द रेझेंदनं काढलेले असून त्याची एक हस्तलिखित प्रत पोर्तुगालमध्ये एव्होराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्यात चौल आहे. ही चित्रं घारीच्या नजरेनं काढलेली आहेत: तट, बुरूज, आतली घरं, चर्चं, बाहेर पाणी. प्रमाण सगळीकडे सारखं नाही. महत्त्वाची इमारत मोठी काढायची आणि मधली रिकामी जागा आवळायची, हा त्या काळचा रिवाज. उत्तर वर असेलच असंही नाही. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे चित्र फिरवून घेणं. समुद्र पश्चिमेला, नदीचं मुख दक्षिणेला आणि कोर्लई पलीकडच्या तीरावर, एवढं जुळलं की पुढे जायचं.

या चित्रातून अंतर घ्यायचं नाही, क्रम घ्यायचा. एका कोऱ्या कागदावर तटाची कड ओढा आणि एका दरवाज्यापासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेनं काय काय लागतं ते लिहीत चला: दरवाजा, बुरूज, बुरूज, तटाला लागून चर्च, मोकळी जागा, पुन्हा बुरूज. मग आतल्या प्रत्येक मोठ्या इमारतीसाठी दोनच गोष्टी लिहा, ती कोणत्या बुरुजासमोर येते आणि तिच्या शेजारी काय आहे. चित्रकार लांबी-रुंदीत चुकतो, शेजारात सहसा चुकत नाही. पोर्तुगीज कागदांवर वारंवार भेटणारे शब्द पाठ असलेले बरे: 'बालुआर्ते' म्हणजे बुरूज, 'रुआ' म्हणजे रस्ता, 'काइश' म्हणजे धक्का, 'मात्रीज' म्हणजे मुख्य चर्च, 'पोर्ता दु मार' म्हणजे दर्याकडचा दरवाजा आणि 'पोर्ता द तेर्रा' म्हणजे जमिनीकडचा.

इथंच बहुतेकांचा हात घसरतो. संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशे जुळवायचं सॉफ्टवेअर उघडायचं, जुनं चित्र आणायचं, पंचवीस बिंदू टोचायचे आणि त्यातली 'थिन प्लेट स्प्लाइन' ही ताणायची पद्धत निवडून ते उपग्रहचित्रावर ताणून बसवायचं. ही पद्धत प्रत्येक बिंदू बरोबर जागी नेऊन बसवते, त्यामुळे शिल्लक चूक जवळजवळ शून्य दिसते आणि करणारा खूश होतो. पण चूक गेलेली नसते, ती दोन बिंदूंच्या मधल्या जागेत दडपलेली असते. रबरासारखं ताणलेलं चर्च कुणाच्याही वाडीत जाऊन बसू शकतं. 1635 चं चित्र संगणकावर ताणूच नका, ते टेबलावर शेजारी ठेवा. ताणायचा असेल तर मोजणी करून काढलेला नकाशा ताणा.

तशा नकाशांत पहिला येतो एक इंच बरोबर एक मैल प्रमाणाचा, म्हणजे 1:63,360 चा टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा भूरूप नकाशा). रेवदंडा, चौल आणि अलिबाग जुन्या क्रमांकाप्रमाणे 47 बी/14 या शीटवर येतात. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, मागणी करताना दोन्ही सांगावेत. या प्रमाणावर कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे 32 मीटर. म्हणजे या शीटवरून वाडीची कड ठरवायला जाणं फुकट. रस्ता, तळं, तर (होडीनं खाडी उतरायची जागा), टेकडी, गावाचा पसारा यांसाठी मात्र ते उत्तम.

अगदी जुन्या शीटमध्ये एक सापळा आहे. त्या काळी मद्रास वेधशाळेचं रेखांश 80°17′21″ धरून सगळं मोजलेलं होतं. पुढे तो आकडा चुकीचा ठरला आणि सगळ्या रेखांशांतून 2′27″ वजा करावे लागले. समासात कधी ही सूचना छापलेली असते, कधी नसते. रेवदंड्याच्या अक्षांशावर 2′27″ म्हणजे सुमारे 4.3 किलोमीटर. छापील रेखांशावर विसंबून शीट बसवलं तर सगळा किनारा पूर्वेला सरकतो आणि कोट डोंगरात जाऊन बसतो. याशिवाय जुनी शीटं पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, म्हणजे एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत आणि मोबाइल नव्या मापावर, डब्ल्यूजीएस 84 वर चालतो, तो फरक निराळाच. म्हणून शीट चौकटीच्या आकड्यांवरून बसवायचं नाही, जमिनीवरच्या खुणांवरून बसवायचं. प्रक्षेपण यूटीएम विभाग 43 उत्तर ठेवा, म्हणजे अंतरं मीटरमध्ये मिळतात. रूपांतर 'पॉलिनॉमिअल 1', म्हणजे नकाशा न वाकवता सगळा एकसारखा बसवणारं. त्याला तीन बिंदू पुरतात, पण बारा ते पंधरा द्या आणि ते शीटभर पसरलेले असू द्या. एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांच्या तिप्पट येत असेल तर तो बिंदू निमूटपणे काढून टाकू नका. आधी तिथं जाऊन बघा, कारण पुष्कळदा ती जागाच बदललेली असते आणि खरा शोध तिथंच लागतो.

बिंदू कोणते घ्यायचे? किनाऱ्याची रेघ कधीच नाही, नदीचा काठ नाही आणि वाळूचा पट्टा तर मुळीच नाही. मुंबईजवळच्या या पट्ट्यात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, आणि सपाट पुळणीवर तेवढ्यानं पाण्याची कड पुष्कळ आत-बाहेर होते. देऊळ चांगलं वाटतं, पण जीर्णोद्धारात गाभारा हलतो किंवा सभामंडप पुढे येतो आणि नकाशाची खूण जुन्याच जागी राहते. विहीर हलत नाही. दगडी बांधलेल्या तळ्याचा कोपरा हलत नाही, कोर्लईचे बुरूज हलत नाहीत, डोंगरमाथा हलत नाही. अष्टागरातल्या, म्हणजे अलिबागभोवतीच्या या किनारपट्ट्यातल्या वाड्यांत रहाटाच्या विहिरी पुष्कळ. रहाट गेला आणि मोटर आली तरी विहिरीचं तोंड तिथंच असतं.

आता खरं काम जिथं होतं तो कागद, गाव नकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून त्याची नक्कल मिळते. अर्जात नुसतं 'नकाशा' लिहिलं तर नुसता नकाशाच हातात पडतो. गाव नकाशा, संबंधित सर्व्हे नंबरांची टिपणं (शेताच्या मोजणीची कच्ची चित्रं), गुणाकार बुकाचा (क्षेत्राच्या हिशेबाच्या वहीचा) उतारा आणि आकारफोड पत्रक (साऱ्याची विभागणी दाखवणारं) अशी चार नावं स्वतंत्र लिहावीत. 1981 पूर्वी जिल्हा 'कुलाबा' होता, त्यामुळे जुन्या दप्तराचा शोध त्याच नावाखाली घ्यायचा. इंग्रजी सूचीत रेवदंडा मधल्या 'व'साठी 'व्ही' धरून सापडलं नाही तर 'डब्ल्यू'ने पाहावं, चौल 'ए-यू'ने आणि 'ओ-यू'नेही. कुलाब्याचं आंग्रे संस्थान 1840 मध्ये खालसा झालं. त्याआधीचे कागद मोडीत आहेत. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराला गाठा. अर्धवट वाचलेलं एक नाव सगळी दिशा बदलतं.

गाव नकाशा हाती आला की पहिला अपेक्षाभंग होतो. ज्या जागेसाठी एवढा खटाटोप केला तीच कोरी असते. मूळ महसुली मोजणी साऱ्यासाठी होती. गावठाणावर सारा नव्हता, म्हणून गावठाणाच्या आत रेघा नाहीत, नुसती बाहेरची कड आहे. सिटी सर्व्हे झालेला असेल तर आतली मोजणी प्रॉपर्टी कार्ड आणि चौकशी नोंदवहीत मिळते. नसेल तर 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणी हा अलीकडचा आधार. रेवदंड्याच्या बाबतीत नशीब असं की कोटाच्या आत वाड्याही आहेत. वाडी म्हणजे साऱ्याची जमीन, आणि साऱ्याची जमीन म्हणजे मोजलेली जमीन.

टिपण हा प्रकार जरा जवळून बघण्यासारखा आहे. हाताच्या पंजाएवढ्या कागदावर शेताचं कच्चं चित्र, मधून एक पायारेघ आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना लंब. प्रत्येक लंबावर आकडा. हे आकडे साखळी आणि आण्यात असतात. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी 33 फुटांची आणि एका साखळीचे आणे 16, म्हणजे एक आणा 2.0625 फूट. टिपणात '7-10' असेल तर तो दशांश नव्हे, सात साखळ्या आणि दहा आणे. 231 फूट अधिक 20.6 फूट, एकूण 251.6 फूट, म्हणजे 76.7 मीटर. 7.10 साखळ्या धरल्या तर 234.3 फूट येतात आणि एका रेघेत सव्वापाच मीटरची चूक होते. 66 फुटांची गंटर साखळी धरली तर सगळं दुप्पट होतं, पण ती चूक लगेच डोळ्यांत भरते. दशांशाची चूक भरत नाही, म्हणून ती वाईट.

पडताळा सोपा आहे. 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे एक चौरस साखळी, म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. टिपणावरून क्षेत्र काढा आणि गुणाकार बुकातल्या गुंठ्यांशी ताडा. जुळलं तर वाचन बरोबर. सातबारावर आज हेक्टर-आर असतात. गुंठा आणि आर एकच समजायची सवय सर्वत्र आहे, पण गुंठा 101.17 चौरस मीटरचा आणि आर 100 चा. चाळीस गुंठ्यांत हा फरक सुमारे 47 चौरस मीटर होतो, म्हणजे एका लहान घराएवढा.

गाव नकाशा बसवताना रेघांची जाडी लक्षात ठेवा. एक इंचाला 660 फूट, म्हणजे 1:7,920 प्रमाण असेल तर अर्धा मिलिमीटर म्हणजे चार मीटर. प्रमाण कागदावर वाचून घ्या, गृहीत धरू नका. कोकणातल्या दमट हवेत कागद फुगतो आणि उभा-आडवा सारखा फुगत नाही, त्यात नकलेची नक्कल झालेली असते. प्रमाणपट्टी दोन्ही दिशांनी मोजून बघा. मोबाइलनं काढलेला फोटो कडांना वाकतो, म्हणून सपाट स्कॅनरवर किमान 300 डीपीआयला स्कॅन करा. मोठा नकाशा तुकड्यांत स्कॅन करत असाल तर प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर तीन-चार बोटं चढलेला ठेवा.

एवढं झालं की उलटं वाचायला लागायचं. सुरुवात आजपासून करायची: उपग्रहचित्र, मग गाव नकाशा, मग टिपण, मग 1 इंची शीट आणि सगळ्यात शेवटी 1635. पुढून मागे गेलं की प्रत्येक पायरीला विचारता येतं, ही रेघ मागच्या कागदावर आहे का? असेल तर ती तेवढी जुनी. नसेल तर नवी. पुलाकडे जाणारा डांबरी रस्ता ही कसोटी लगेच नापास होतो. तो तटाला जिथं फोडतो तिथं दरवाजा नव्हता, तिथं फक्त सोय आहे. रस्त्यावरून दरवाजा शोधणारे इथं फसतात. तट ही कसोटी झोकात पास होतो.

मधल्या पायरीला एकोणिसाव्या शतकातली वर्णनं कामाला येतात. जे. गर्सन द कुन्हा यांनी 1876 मध्ये चौल आणि वसईच्या अवशेषांवर लिहिलं, आणि कुलाब्याचं गॅझेटियर 1883 चं. त्या वेळी आजच्यापेक्षा जास्त भिंती उभ्या होत्या. वर्णन एका अवशेषाकडून दुसऱ्याकडे चालत जातं, म्हणून ते चालण्याच्या क्रमानं कागदावर मांडा आणि 1635 च्या क्रमाशेजारी ठेवा. दोन्ही क्रम जुळले तर त्या जागेला नाव द्यायला हरकत नाही. उलट झालं, म्हणजे चित्रात डावीकडे आणि वर्णनात उजवीकडे असं आलं, तर बहुधा लेखक दुसऱ्या दरवाज्यानं आत शिरलेला असतो. आधी ते तपासा.

गाव नकाशात खरी नजर रेघांच्या वळणांवर हवी. इमारत पडते, तिचे चिरे विहिरीला आणि पायाला जातात, पण दोन वाड्यांमधली हद्द सहजी हलत नाही, कारण ती हलवायची तर भांडण करावं लागतं. कोकणात भिंतीपेक्षा बांध टिकतो तो याच कारणानं. म्हणून शोधायचं ते असं: सरळ चाललेली हद्द मध्येच काटकोनात वळून परत सरळ होते आणि जमिनीवर त्याला ओढा, उतार किंवा रस्ता असं काहीच कारण नाही, तिथं खाली काहीतरी आहे किंवा होतं. तटाला समांतर जाणारा लांब, चिंचोळा सर्व्हे नंबर दिसला तर खंदकाची जागा म्हणून तपासा. ओळीनं लागलेल्या वाड्यांची तोंडं एकाच पायवाटेकडे असतील तर ती पायवाट वाड्यांपेक्षा जुनी. वाट आधी, वाटे पाडले नंतर.

जुन्या समुद्री नकाशाचा उपयोग इथं मर्यादित. खोली फॅदममध्ये असते, एक फॅदम सहा फूट. आणि ती ओहोटीच्या नीच पातळीपासून मोजलेली असते. टोपोशीटवरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. हे दोन आकडे एकमेकांतून वजा करून 'खाडी एवढी भरली' असा हिशेब मांडू नये. मुखावरचा वाळूचा दांडा कुठून कुठं सरकला, एवढं मात्र दोन काळांच्या नकाशांवरून नीट दिसतं. साळावचा पूल होण्याआधीची खाडी पाहायची असेल तर 1960 ते 1972 मधली अमेरिकी 'कोरोना' उपग्रहचित्रं बघावीत. ती 1995 मध्ये खुली झाली.

मग पायपीट. एप्रिल-मे चांगला, गवत वाळलेलं असतं. दर्याकडची बाजू ओहोटीला बघा, वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून. वाडीत शिरण्याआधी मालकाला विचारा, आणि विचारताना नकाशा पुढे करू नका. साऱ्याचा नकाशा दिसला की माणूस हद्दीच्या वादात अडकल्यासारखा गप्प होतो. "काका, पूल नव्हता तेव्हा तर कुठं लागायची?" असं विचारा. "जुनी बाव (विहीर) कुठली, जिला उन्हाळ्यातही गोडं पाणी असायचं?" असं विचारा. तर जिथं लागते तिथं वाट येते आणि वाट जिथून तटात शिरते तिथं दरवाज्याची शक्यता वाढते. कोर्लईतही जा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमिश्रित बोली अजून बोलली जाते, आणि तिच्यात जागांची नावं वेगळी उतरलेली असतात.

एक पथ्य मात्र पाळलंच पाहिजे. रेवदंड्याचे पोर्तुगीज अवशेष आणि आगरकोट, म्हणजे हा कोट, हे केंद्रीय संरक्षित आहेत. कायद्यानं संरक्षित जागेभोवतीचे पहिले 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियमित क्षेत्र. खणणं, चिरा हलवणं, धातुशोधक फिरवणं यातलं काहीही करायचं नाही. लागतं तेवढं टेप, होकायंत्र आणि मोबाइलच्या जीपीएसनं होतं. जीपीएसला झाडाखाली पाच-दहा मीटरची चूक सहज येते, म्हणून पोफळीच्या वाडीत आकडा टिपण्यापेक्षा दोन पक्क्या खुणांपासून टेपनं अंतर घ्या.

अंतिम नकाशावर तीन रंग पुरतात. काळी रेघ: उभी आहे किंवा दोन मोजलेल्या कागदांवर आहे. तटाची बहुतेक कड आणि सातखणी म्हणून ओळखला जाणारा फ्रान्सिस्कनांचा मनोरा काळ्यात येतात. निळी रेघ: जमिनीवर अवशेष आहे, त्याचं नाव चित्राच्या आणि 1876 च्या वर्णनाच्या क्रमावरून दिलेलं आहे. डोमिनिकन आणि जेझुइट वास्तू या गटात ठेवाव्यात, कितीही खात्री वाटली तरी. लाल तुटक रेघ: फक्त हद्दीच्या वळणावरून किंवा वाटेवरून काढलेला अंदाज. आतले रस्ते जवळजवळ सगळे लालच राहतात. पाहुण्यांना दाखवायच्या नकाशात लोक हळूच लाल पुसून काळं करतात, आणि दोन वर्षांत तो अंदाज माहितीफलकावर इतिहास म्हणून चढतो. म्हणून रंगाबरोबर प्रत्येक रेघेला क्रमांक द्या आणि वहीत त्या क्रमांकापुढे कागदाचं नाव, सर्व्हे नंबर आणि पाहणीची तारीख लिहा. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. पुढच्या वर्षी कुणी विहिरीसाठी खणलं आणि पाया लागला, तर लाल रेघ निळी किंवा काळी करायची की खोडायची, हे त्या वहीवरूनच ठरेल.